देउस (लॅटिन शब्द)

देउस हा लॅटिन भाषेतील 'देव' या अर्थाचा पुल्लिंगी नामशब्द आहे. प्राचीन रोमच्या बहुदेवतापूजक धर्मात तो कोणत्याही देवतेसाठी वापरला जात असे. पुढे ख्रिस्ती धर्माच्या प्रसारानंतर तो प्रामुख्याने एकमेव परमेश्वराचा वाचक झाला. पोर्तुगीज 'देउश', स्पॅनिश 'दिओस', इटालियन 'दिओ' व फ्रेंच 'द्य' हे शब्द त्याच्यापासून आले आहेत. संस्कृत व मराठीतील 'देव' हा शब्द देउसचा सगोत्र आहे. दोन्ही शब्द एकाच पूर्वज शब्दापासून स्वतंत्रपणे विकसित झाले असून त्यांपैकी कोणताही एक दुसऱ्यापासून घेतलेला नाही.

व्याकरणाच्या दृष्टीने देउस हा लॅटिनमधील अनियमित नामांपैकी एक होय. त्याच्या अनेकवचनाची एकाच विभक्तीत तीन-तीन रूपे आढळतात आणि अभिजात लॅटिनमध्ये त्याचे एकवचनी संबोधन जवळजवळ आढळतच नाही. या अनियमितपणाचे बहुतांश स्पष्टीकरण शब्दाच्या ध्वनीइतिहासात सापडते.

## लेखन व उच्चार

अभिजात लॅटिनमध्ये देउस हा दोन अक्षरांचा शब्द आहे: दे-उस. त्यातील 'ए' व 'उ' हे दोन्ही स्वर ऱ्हस्व आहेत. देवनागरीत ऱ्हस्व 'ए' दाखवण्यासाठी स्वतंत्र चिन्ह प्रचलित नसल्याने या लेखात नेहमीचीच मात्रा वापरली आहे. प्लाउतुस व तेरेन्तिउस यांच्या नाटकांच्या छंदात हा शब्द अनेकदा एकाच अक्षराइतका उच्चारावा लागतो.

मध्ययुगीन ख्रिस्ती हस्तलिखितांत हा शब्द सहसा पूर्ण लिहीत नसत. त्याचे पहिले व शेवटचे अक्षर लिहून वर आडवी रेघ काढत. ही रेघ केवळ जागा वाचवण्यासाठी नसून पवित्र नामाविषयीच्या आदराची खूण मानली जाई. ग्रीक हस्तलिखितांतही पवित्र नामे अशीच संक्षिप्त लिहिण्याची प्रथा होती.

## व्युत्पत्ती

### पूर्वज शब्द

तौलनिक भाषाशास्त्रानुसार देउसचा उगम आद्य इंडो-युरोपीय भाषेतील *देइवोस या शब्दात आहे. (तारांकित रूपे प्रत्यक्ष लेखांत सापडलेली नसून तुलनेने पुनर्रचित केलेली आहेत.) हा शब्द 'आकाश, दिवसाचा प्रकाश' या अर्थाच्या *द्येउ- या प्रातिपदिकापासून साधलेला असून त्याचा मूळ अर्थ 'आकाशातील, द्युलोकातील' असा होता. मनुष्य पृथ्वीवरचा आणि देव आकाशातला, असा भेद या नामकरणात दिसतो.

त्याच प्रातिपदिकापासून लॅटिनमध्ये आणखी काही महत्त्वाचे शब्द आले आहेत. 'दिएस' म्हणजे दिवस. 'युप्पितेर' (ज्युपिटर) हे रोमच्या सर्वश्रेष्ठ देवाचे नाव 'हे द्यौः पित्या' अशा संबोधनापासून तयार झाले. संस्कृतमधील 'द्यौष्पितर्' आणि ग्रीकमधील 'झेउस पातेर' ही त्याची समांतर रूपे होत. 'सुब दीवो' या लॅटिन वाक्प्रयोगाचा अर्थ 'उघड्यावर, मोकळ्या आकाशाखाली' असा आहे. त्यात 'आकाश' हा जुना अर्थ टिकून राहिलेला दिसतो.

### जुन्या लॅटिनमधील पुरावे

रोममध्ये १८८० साली हाइनरिश ड्रेसेल यांना क्विरिनाल टेकडीच्या परिसरात तीन जोडलेल्या लहान कुंभांचे एक मातीचे पात्र मिळाले. त्यावरील लेख 'द्वेनोस शिलालेख' या नावाने ओळखला जातो, जरी तो शिळेवर नसून मातीच्या पात्रावर कोरलेला आहे. तो सर्वसाधारणपणे इ.स.पू. सहाव्या शतकातील मानला जातो आणि लॅटिनच्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. त्याच्या आरंभीच 'देइवोस' हे रूप येते. येथे ते द्वितीयेचे अनेकवचन असून 'देवांना' या अर्थी आहे. पुढे नाहीसे झालेले 'इ' आणि 'व' हे दोन्ही ध्वनी त्यात स्पष्ट दिसतात.

इटलीतील इतर प्राचीन भाषाही याला दुजोरा देतात. ऑस्कन भाषेतील आन्योने पट्टिका ही कांस्यपट्टिका १८४८ मध्ये सापडली असून आता ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर 'देवीला' या अर्थाचे 'देइवाइ' हे रूप आढळते.

### एका शब्दाचे दोन शब्द

लॅटिनमध्ये 'देव' या अर्थाचे 'देउस' व 'दीवुस' असे दोन शब्द आहेत. मुळात हे दोन्ही एकच होते. त्यांची फाटाफूट पुढील ध्वनिबदलांमुळे झाली:

1. 'एइ' हा संयुक्त स्वर प्रथम दीर्घ 'ए'सारखा आणि नंतर दीर्घ 'ई' झाला.
2. 'ओ' या स्वरापूर्वी येणारा 'व' लोप पावला.
3. लागून येणाऱ्या दुसऱ्या स्वरापूर्वीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला.
4. शब्दान्तीचे '-ओस' बदलून '-उस' झाले. हा बदल इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुमारास झाला.

प्रथमेच्या एकवचनात 'व'नंतर 'ओ' होता. म्हणून देइवोस → देवोस → देओस → देउस असा क्रम घडला. षष्ठीच्या एकवचनात मात्र 'व'नंतर 'ई' असल्याने 'व' टिकला आणि 'एइ'चा 'ई' होऊन 'दीवी' हे रूप सिद्ध झाले. अशा रीतीने एकाच नामाची काही रूपे 'दे-'ने, तर काही 'दीव-'ने सुरू होऊ लागली. बोलणाऱ्यांना ही विसंगती खटकणे स्वाभाविक होते. त्यांनी दोन्ही बाजूंनी उणी रूपे भरून काढली. 'देउस'वरून 'देई' ही नवी षष्ठी तयार झाली आणि 'दीवी'वरून 'दीवुस' ही नवी प्रथमा तयार झाली. परिणामी एका शब्दाच्या जागी दोन पूर्ण शब्द उभे राहिले.

हा प्रकार केवळ याच शब्दापुरता नाही. ग्रीकमधून आलेल्या ऑलिव्हविषयक शब्दांतही तेच घडले. 'ओलेइवा' या स्त्रीलिंगी शब्दात 'व'नंतर 'आ' होता, म्हणून तो 'ओलीवा' (ऑलिव्हचे फळ व झाड) झाला. 'ओलेइवोम' या नपुंसकलिंगी शब्दात 'व'नंतर 'ओ' होता, म्हणून त्याचे 'ओलेउम' (तेल) झाले. 'ओलीवा : ओलेउम' ही जोडी आणि 'दीवुस : देउस' ही जोडी एकाच नियमाची फळे आहेत.

रोमच्या पॅलेटाइन टेकडीच्या पायथ्याशी १८२० मध्ये सापडलेल्या एका वेदीवर ही फाटाफूट एकाच ओळीत पाहावयास मिळते. ही वेदी अनाम देवतेला वाहिलेली असून सेक्स्तिउस काल्विनुस या अधिकाऱ्याने सिनेटच्या ठरावानुसार तिचा जीर्णोद्धार केल्याची नोंद तिच्यावर आहे. देवता पुरुष आहे की स्त्री हे निश्चित नसल्याने 'देव असो वा देवी' अशा अर्थाची शब्दयोजना तेथे केली आहे. त्यात 'देवाला' यासाठी 'देओ' हे 'व' गमावलेले रूप आहे, तर 'देवीला' यासाठी 'देइवाए' हे 'व' राखलेले जुन्या वळणाचे रूप आहे.

### प्राचीनांनी सुचवलेल्या व्युत्पत्ती

रोमन विद्वानांना ध्वनिबदलांचे नियम ज्ञात नव्हते. ते शब्दांचा अर्थ उच्चारसाम्यावरून लावीत. इ.स.च्या दुसऱ्या शतकातील फेस्तुस याच्या कोशाचा पाउलुस दिआकोनुस याने आठव्या शतकात केलेला संक्षेप उपलब्ध आहे. त्यात देउसच्या तीन व्युत्पत्ती दिल्या आहेत: ज्याला काहीही कमी नाही तो, जो माणसांना सर्व सुखे देतो तो, किंवा 'भय' या अर्थाच्या ग्रीक 'देओस' या शब्दावरून आलेला. वार्रो याने 'दीवेस' (श्रीमंत) या शब्दाचा संबंध 'दीवुस'शी जोडला होता, कारण श्रीमंताला देवाप्रमाणेच कशाची वाण नसते असे त्याचे म्हणणे होते. या शब्दसंबंधाला आधुनिक अभ्यासकांपैकीही अनेकांची मान्यता आहे.

यास्काच्या *निरुक्ता*त 'देव' शब्दाची अशीच अनेक पर्यायी निर्वचने दिली आहेत: दान करणारा, दीपन करणारा, द्योतन करणारा किंवा द्युस्थानी राहणारा. 'देणारा तो देव' ही कल्पना रोम व भारत या दोन्ही ठिकाणी परस्परांशी संबंध नसताना सुचली, कारण दोन्ही भाषांत 'देणे' या अर्थाचा धातू 'द'नेच सुरू होतो. यास्काच्या पर्यायांपैकी 'द्युस्थानी राहणारा' हा आधुनिक भाषाशास्त्राच्या निष्कर्षाशी सर्वांत जवळचा आहे.

## सगोत्र शब्द

*देइवोस या शब्दाचे वंशज इंडो-युरोपीय कुळाच्या बहुतेक शाखांत आढळतात.

| भाषा | रूप | अर्थ |
|---|---|---|
| संस्कृत | देवः | देव |
| अवेस्ता | दएव | दुष्ट शक्ती, दैत्य |
| लिथुआनियन | दिएवास | देव |
| जुनी आयरिश | दीअ | देव |
| वेल्श | दिउ | देव |
| जुनी नॉर्स | त्यूर | एका विशिष्ट देवाचे नाव. अनेकवचनी 'तीवार' म्हणजे देव |
| जुनी इंग्रजी | तीव | त्याच देवाचे नाव |

संस्कृतमध्ये मूळचे ऱ्हस्व 'ए' व 'ओ' हे स्वर 'अ'मध्ये विलीन झाले. त्यामुळे *देइवोसचे प्रथम *दइवस् झाले, 'अइ'चा 'ए' झाला आणि शेवटच्या 'स्'चा विसर्ग होऊन 'देवः' हे रूप मिळाले. लॅटिनने शेवटचा 'स' राखला पण मधला 'व' गमावला. संस्कृतने 'व' राखला पण शेवटी विसर्ग केला.

अर्थाच्या दृष्टीने इराणी शाखेतील बदल विशेष लक्षणीय आहे. झरथुष्ट्राच्या परंपरेत अहुर मझ्दाची उपासना प्रस्थापित झाल्यावर 'दएव' हा शब्द त्याज्य व दुष्ट शक्तींसाठी वापरला जाऊ लागला. इंग्रजीतील मंगळवाराचे नाव 'ट्यूजडे' हे वर उल्लेखिलेल्या 'तीव' या देवावरून पडले आहे.

### सामान्य गैरसमज

ग्रीक 'थेओस' हा देउसचा सगोत्र आहे. अर्थ एकच व उच्चार मिळताजुळता असल्याने हा समज फार जुना आहे, परंतु तो चुकीचा आहे. नियमानुसार लॅटिन शब्दारंभीच्या 'द'शी ग्रीक 'द' व संस्कृत 'द' जुळतात, उदा. 'देकेम', 'देका', 'दश'. ग्रीक 'थ'शी मात्र लॅटिनमध्ये शब्दारंभी 'फ' आणि संस्कृतमध्ये 'ध' जुळतो, उदा. 'थूमोस', 'फूमुस', 'धूम'. त्यामुळे थेओसचे लॅटिन नातलग 'फ'ने सुरू होणाऱ्या शब्दांत शोधावे लागतात. 'फानुम' (देवस्थान), 'फेस्तुस' (उत्सवाचा) व 'फेरिआए' (सणाचे दिवस) हे ते शब्द होत. ग्रीकमध्ये देउसशी खरे नाते सांगणारा शब्द थेओस नसून 'झेउस' हा आहे.

देउस हा शब्द संस्कृत 'देव'पासून आला आहे. साम्य खरे आहे, परंतु त्यावरून काढलेला हा निष्कर्ष बरोबर नाही. लॅटिनने तो शब्द संस्कृतमधून घेतला असता तर त्यात संस्कृतमध्ये झालेले बदल दिसले असते. जुन्या लॅटिनमधील 'देइवोस' या रूपात मात्र 'एइ' आणि '-ओस' हे संस्कृतपूर्व काळातील स्वर टिकून आहेत. त्याचप्रमाणे 'व' गमावलेल्या 'देउस'पासून 'व' असलेला 'देव' येणेही शक्य नाही. हे शब्द भावंडांसारखे आहेत, आई-मुलासारखे नाहीत.

## व्याकरण

देउस हे लॅटिनच्या दुसऱ्या नामवर्गातील (-उसान्त) पुल्लिंगी नाम आहे. लॅटिनमध्ये सहा मुख्य विभक्ती आहेत. त्यांपैकी पंचमी ही संस्कृतमधील पंचमीबरोबरच तृतीयेचे आणि बऱ्याच अंशी सप्तमीचेही काम करते.

| विभक्ती | एकवचन | अनेकवचन |
|---|---|---|
| प्रथमा | देउस | दी, दिई, देई |
| द्वितीया | देउम | देओस |
| षष्ठी | देई | देओरुम, देउम |
| चतुर्थी | देओ | दीस, दिईस, देईस |
| पंचमी | देओ | दीस, दिईस, देईस |
| संबोधन | (देउस) | दी, दिई, देई |

### अनेकवचनाची तीन रूपे

प्रथमेच्या अनेकवचनात जुन्या 'देइवेइ'चे प्रथम 'दीवी' झाले. दोन सारख्या स्वरांमधील 'व' गळून ते 'दी' असे आक्रसले. म्हणून 'दी' हे ध्वनिनियमांनुसार आलेले रूप होय. 'दिई' हे त्याचेच लेखनभेदाने आलेले रूप असून पद्यात ते बहुधा एकाक्षरी मोजले जाते. 'देई' हे एकवचनाच्या 'दे-'वरून नव्याने साधलेले नियमित रूप आहे. चतुर्थी व पंचमीतील 'दीस', 'दिईस' व 'देईस' यांचा इतिहासही असाच आहे.

### षष्ठीचे जुने रूप

षष्ठीच्या अनेकवचनात 'देओरुम' हे नेहमीचे रूप आहे, तर 'देउम' हे जुने रूप आहे. ते प्रार्थना, शपथा व धार्मिक नामांत टिकून राहिले. इ.स.पू. २०४ मध्ये रोममध्ये आणलेल्या महामातेला 'मातेर देउम' म्हणजे 'देवांची माता' असे म्हणत. हे रूप द्वितीयेच्या एकवचनाशी अगदी सारखे दिसत असल्याने अर्थ संदर्भावरून ठरवावा लागतो. सिसरोच्या *ओरातोर* (इ.स.पू. ४६) या ग्रंथात शपथेतील जुने 'देउम' काढून तेथे 'देओरुम' म्हणणाऱ्या, म्हणजेच पूर्वजांचे बोलणे 'सुधारणाऱ्या' लोकांचा उल्लेख आहे.

### स्त्रीलिंगी रूप

'देवी' या अर्थाचा 'देआ' हा शब्द देउसवरून साधलेला आहे. ध्वनिनियमांनुसार अपेक्षित रूप 'दीवा' असे होते आणि तेही भाषेत शिल्लक आहे. 'देआ'ची चतुर्थी-पंचमी अनेकवचनात नियमाप्रमाणे 'देईस' व्हावयास हवी, परंतु मग 'देवांना' व 'देवींना' यांत फरक राहिला नसता. म्हणून 'देआबुस' असे वेगळे रूप वापरात आले. 'दीस देआबुसक्वे' (देवांना आणि देवींना) या धार्मिक शब्दप्रयोगात हा भेद आवश्यक होता. 'फीलिआ' (मुलगी) या शब्दाचे 'फीलिआबुस' हे रूपही याच कारणाने झाले.

### संबोधन

दुसऱ्या नामवर्गातील -उसान्त नामांचे एकवचनी संबोधन '-ए' लावून होते, उदा. 'दोमिनुस' (स्वामी) याचे 'दोमिने'. त्यानुसार देउसचे 'देए' व्हावे, परंतु अभिजात वाङ्मयात हे रूप वापरात नाही. याचे एक कारण सामाजिक असावे. रोमन उपासक देवतेला तिच्या नावाने हाक मारीत. अनेक देवांपैकी कोणाला उद्देशून बोलतो आहोत हे स्पष्ट करणे प्रार्थनेत महत्त्वाचे होते. नुसते 'हे देवा' म्हणण्याचा प्रसंग क्वचितच येई.

एकेश्वरवादी ख्रिस्ती उपासनेत मात्र ही हाक नित्याची झाली आणि व्याकरणातील ही पोकळी जाणवू लागली. तेर्तुल्लिआनुस व कवी प्रुदेन्तिउस यांच्याकडे 'देए' हे रूप तुरळक आढळते. बायबलच्या लॅटिन अनुवादांनी व प्रार्थनांनी मात्र प्रथमेचे 'देउस' हेच रूप संबोधनासाठी स्वीकारले. बायबलच्या ग्रीक अनुवादात देवाला उद्देशून प्रथमेचे रूप वापरण्याची पद्धत होती. तिचा प्रभाव येथे असल्याचे मानले जाते. 'दोमिने देउस' (हे प्रभो देवा) या प्रार्थनेतील शब्दजोडीत पहिला शब्द संबोधनाचे '-ए' घेतो, तर दुसरा तसाच राहतो.

### प्रचलित शब्दप्रयोगांतील विभक्ती

| शब्दप्रयोग | विभक्ती | अर्थ |
|---|---|---|
| आग्नुस देई | षष्ठी एकवचन | देवाचे कोकरू |
| देओ ग्रातिआस | चतुर्थी एकवचन | देवाला धन्यवाद |
| देओ वोलेन्ते | पंचमी एकवचन | देवाची इच्छा असल्यास |
| ते देउम | द्वितीया एकवचन | एका प्राचीन स्तोत्राचे नाव. 'तुला, देवाला' |
| दीस मानिबुस | चतुर्थी अनेकवचन | पितृदेवतांना |
| दे नातूरा देओरुम | षष्ठी अनेकवचन | सिसरोच्या ग्रंथाचे नाव. 'देवांच्या स्वरूपाविषयी' |
| दे कीविताते देई | षष्ठी एकवचन | संत ऑगस्टिनच्या ग्रंथाचे नाव. 'देवाच्या नगरीविषयी' |

यांपैकी 'देओ वोलेन्ते' या रचनेत नाम व धातुसाधित विशेषण दोन्ही पंचमीत येऊन एक स्वतंत्र उपवाक्य तयार होते. संस्कृतमधील सति सप्तमीशी ही रचना तुलनीय आहे. शेवटच्या दोन ग्रंथनामांत धर्मकल्पनेतील स्थित्यंतरही दिसते. इ.स.पू. ४५ मध्ये सिसरो 'देवांविषयी' लिहितो, तर इ.स.च्या पाचव्या शतकात ऑगस्टिन 'देवाविषयी' लिहितो.

## अर्थ व वापर

### रोमन धर्मात

रोमन धर्मात देउस हे सामान्यनाम होते. घराचे व कोठाराचे रक्षण करणारे 'दी पेनातेस', मृत पूर्वजांचे 'दी मानेस' अशा देवसमूहांच्या नावांत ते येते. थडग्यांवर 'दीस मानिबुस' ही अक्षरे इतकी रूढ झाली की ती केवळ दोन आद्याक्षरांनी दर्शवली जाऊ लागली. पुढे काही ख्रिस्ती थडग्यांवरही ती कोरलेली आढळतात.

'दीवुस' या जोडशब्दाला कालांतराने वेगळा अर्थ प्राप्त झाला. इ.स.पू. ४२ मध्ये सिनेटने ज्युलियस सीझरला मरणोत्तर देवत्व बहाल केले आणि तो 'दीवुस यूलिउस' म्हणून पूजला जाऊ लागला. त्याचा दत्तकपुत्र ऑक्टेव्हियन (पुढील सम्राट ऑगस्टस) स्वतःस 'दीवी फीलिउस' म्हणजे 'दिव्य पुरुषाचा पुत्र' म्हणवू लागला. त्यानंतर 'दीवुस' हे मृत्यूनंतर देवत्व पावलेल्या सम्राटांचे बिरुद झाले. जिवंत सम्राटाला 'देउस' म्हणणे मात्र आक्षेपार्ह मानले जाई. डोमिशियन याने स्वतःला 'स्वामी आणि देव' म्हणवून घेतल्याची स्वेतोनिउसने केलेली नोंद त्याच्या उद्धटपणाचे उदाहरण म्हणून येते.

### ख्रिस्ती लॅटिनमध्ये

ख्रिस्ती लेखकांनी एकमेव परमेश्वरासाठी नवा शब्द न घडवता देउस हाच शब्द स्वीकारला. अनेकवचनी 'दी' व 'दिई' ही रूपे इतरांच्या देवतांसाठी राहिली. म्हणजे एकाच नामाच्या एकवचनाला व अनेकवचनाला परस्परविरोधी धार्मिक मूल्य आले.

लॅटिनमध्ये उपपद नाही आणि प्राचीन लेखनात मोठ्या-लहान अक्षरांचा भेदही नव्हता. त्यामुळे 'देउस' या शब्दाने 'एक देव', 'तो देव' व 'परमेश्वर' हे तिन्ही अर्थ व्यक्त होऊ शकतात. इ.स. ११२च्या सुमारास धाकटा प्लिनी याने सम्राट ट्राजानला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोक ख्रिस्ताची स्तुती 'क्वासी देओ' म्हणजे 'देवाप्रमाणे' गातात असे म्हटले आहे. इंग्रजी अनुवादकाला येथे 'एखाद्या देवाप्रमाणे' की 'परमेश्वराप्रमाणे' याची निवड करावी लागते. मराठीतही उपपद व मोठी अक्षरे नसल्याने 'देवाप्रमाणे' हा अनुवाद मूळ संदिग्धता जशीच्या तशी राखतो.

## साधित शब्द

देउस व दीवुस या दोन्ही अंगांपासून लॅटिनमध्ये अनेक शब्द साधले गेले. 'दीवीनुस' म्हणजे दिव्य, दैवी. 'दीवीनितास' म्हणजे देवत्व. 'दीवीनारे' म्हणजे दैवी प्रेरणेने भविष्य जाणणे. याच धातूवरून सिसरोच्या शकुनविषयक *दे दीवीनातिओने* या ग्रंथाचे नाव आले आहे. 'देइतास' हा 'देवत्व' या अर्थाचा शब्द ख्रिस्ती लेखकांनी घडवला. ग्रीक शब्दाचा नेमका अर्थ आणण्यासाठी आपले लेखक तो वापरतात, असे संत ऑगस्टिनने नमूद केले आहे. इंग्रजीतील 'डिव्हाइन' व 'डेइटी' हे शब्द अनुक्रमे दीवीनुस व देइतास यांच्यापासून फ्रेंचमार्गे आले.

'देउस एक्स माकिना' (यंत्रातून आलेला देव) हा नाट्यशास्त्रातील प्रयोग ग्रीक शब्दसमूहाचे लॅटिन रूप आहे. ग्रीक रंगभूमीवर देवाचे पात्र यारीने वरून आणत. त्यावरून कथानकातील गुंता अकस्मात सोडवणाऱ्या घटनेला हे नाव पडले.

## रोमान्स भाषांतील रूपे

लॅटिनपासून निघालेल्या भाषांतील बहुतेक नामे द्वितीयेच्या रूपांपासून आली आहेत. स्पॅनिश 'दिओस' व पोर्तुगीज 'देउश' या शब्दांनी मात्र प्रथमेचा '-स' राखला आहे. प्रार्थनेत हे रूप सतत कानावर पडत राहिल्याने ते टिकले असावे. रोमानियन भाषेत 'झेउ' हा शब्द प्राचीन बहुदेवतापूजक धर्मांतील देवांसाठी, तर 'दुम्नेझेउ' हा ख्रिस्ती परमेश्वरासाठी वापरतात. नंतरचा शब्द 'दोमिने देउस' या संबोधनापासून आला आहे. फ्रेंच 'आद्य', स्पॅनिश 'आदिओस' व पोर्तुगीज 'आदेउश' हे निरोपाचे शब्द 'देवाच्या हवाली' अशा अर्थाचे आहेत.

## आशियातील भाषांतराचा प्रश्न

सोळाव्या शतकात युरोपीय मिशनरी आशियात आले तेव्हा देउस या शब्दाचे भाषांतर करावे की तो तसाच ठेवावा, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी उभा राहिला. १५४९ मध्ये जपानला पोहोचलेल्या फ्रान्सिस झेवियर यांनी प्रारंभी 'दाइनिची' हा शब्द वापरला. हे एका बौद्ध बुद्धरूपाचे नाव असल्याचे लक्षात आल्यावर त्यांनी तो सोडून 'देउस' हाच शब्द घेतला. विरोधकांनी जपानीतील 'दाइ उसो' (मोठे असत्य) या शब्दांशी त्याचे उच्चारसाम्य दाखवून त्याची टर उडवली. चीनमध्ये 'स्वर्गाचा स्वामी' या अर्थाचा 'तियान्झू' हा शब्द कॅथलिकांत रूढ झाला.

गोवा व वसईच्या परिसरात वेगळीच स्थिती होती. येथे पोर्तुगीज 'देउश'साठी कोकणी व मराठीतील 'देव' हा शब्द घेतला गेला. तो देउसचा सगोत्रच होता. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांच्या रचनेचे ग्रीक व लॅटिनशी साम्य असल्याचे नमूद केले. त्याच दशकात कोचीन व गोवा येथे वास्तव्य करणाऱ्या फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याने संस्कृत व इटालियन यांतील समान शब्दांची नोंद केली. त्यात सहा ते नऊ हे अंक, सर्प आणि 'देव' यांचा समावेश होता. विल्यम जोन्स यांच्या १७८६च्या सुप्रसिद्ध व्याख्यानाच्या सुमारे दोनशे वर्षे आधीच्या या नोंदी होत. स्टीफन्स यांनी पुढे रचलेले मराठी *क्रिस्तपुराण* १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. त्यात ख्रिस्ती परमेश्वरासाठी 'देव' व 'परमेश्वर' हे शब्द आहेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्साविधीत स्थानिक भाषांचा वापर सुरू झाला. तोपर्यंत गोवा व वसई येथील कॅथलिकांच्या कानी उपासनेत लॅटिन 'देउस' आणि घरातील प्रार्थनेत 'देव' असे दोन्ही शब्द पडत. कोकणीत आभार मानताना आजही 'देव बरें करूं' असे म्हणतात. प्रचलित मराठी बायबलमध्ये लॅटिन बायबलातील 'देउस'च्या जागी 'देव' आणि इस्राएलाच्या देवाच्या विशेषनामासाठी तेथे येणाऱ्या 'दोमिनुस'च्या जागी 'परमेश्वर' ही योजना सर्वसाधारणपणे आढळते. त्यामुळे ज्या ज्या वाक्यात लॅटिन वाचक 'देउस' वाचतो, तेथे मराठी वाचक त्याच पूर्वज शब्दाचे दुसरे रूप वाचतो.